पंधराच्या खाली आले तर परत

त्या रविवारी खेळावे की नाही, हा प्रश्न माझ्यापुरता केवळ हवामानाचा नव्हता.

चांद्याजवळच्या एका कोळसा खाणीच्या प्रयोगशाळेत मी कोळशातील राखेचे प्रमाण काढीत असे. खाणीच्या क्लबाचे नऊ होलांचे गोल्फ मैदान होते. बायकांनी बुधवारी सकाळी खेळावे, रविवारचे सामने पुरुषांचे, ही तेथील रीत; आणि बुधवारी सकाळी मी भट्टीसमोर उभी असे. तीन अर्जांनंतर चिटणिसांनी मार्चच्या कपाच्या सामन्यात माझे नाव घातले, पण अटीसह. "अर्धा डाव टाकून घरी गेलात, तर पुढे कोणत्याही बाईचं नाव रविवारच्या यादीत येणार नाही. आभाळ भरलं की बायका परततात, हा आमचा अनुभव आहे."

दुपारी तीनला पोंभुर्ण्याच्या बाजूने आभाळ काळे झाले. बाकीच्या जोड्या सकाळीच खेळून मोकळ्या झाल्या होत्या; राहिलो होतो मी आणि माझ्या जोडीतले प्रतिस्पर्धी, खाणीचे सर्व्हेअर. व्हरांड्यातली मंडळी चहा पीत माझ्याकडे पाहत होती.

मी घड्याळ काढले. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजले: सोळा, मग बावीस, मग सत्तावीस. आवाजाला एक किलोमीटर कापायला तीन सेकंद लागतात. म्हणजे वादळ दूर चालले होते. गुणपत्रिकेच्या मागे मी लिहिले, 'पंधराच्या खाली आले तर परत,' आणि वेळ टाकली. नियम आधी लिहून ठेवला की ऐनवेळी इच्छा त्यात ढवळाढवळ करीत नाही, हे प्रयोगशाळेने शिकवले होते.

"तुमचं गणित विजेला ठाऊक आहे का?" सर्व्हेअरांनी विचारले.

"विजेला नसेल. आवाजाला आहे."

पदर खोचून मी निघाले. बारीक पाऊस लागला होता. आमच्या मैदानावर होलाभोवती हिरवळ नव्हती. तेथे जळके तेल मुरवलेल्या रेतीचे काळपट वर्तुळ असे, त्याला सगळे 'ब्राउन' म्हणत. प्रत्येक जोडीमागून क्लबाचे एक म्हातारे माळी गोणपाट ओढून रेती सारखी करीत. ओल्या रेतीवर चेंडू अडेल, असे धरून मी पहिल्याच ब्राउनवर जोराने मारले. चेंडू वर्तुळ ओलांडून पळसाच्या बुंध्याशी गेला.

"बाई, सकाळीच तेल टाकलं हाये," माळी म्हणाले. "पानी वरच्या वर पळते. मले विचाराचं होतं ना."

विचारायला हवे होते, हे खरेच. पुढच्या पाच होलांवर मी आधी त्यांना विचारले, मग मारले. सहाव्या होलानंतर मी सर्व्हेअरांपेक्षा एका फटक्याने पुढे होते.

तेव्हा मागच्या बाजूने, वर्धा नदीकडून, दुसरा ढग आला. वीज चमकली. मी मोजले: बारा.

आकडा पत्रिकेमागे लिहून मी चेंडू उचलला.

"तीनच होल राहिले," सर्व्हेअर म्हणाले. मघाशी कुरकुरणाऱ्या या गृहस्थांना आता जिंकायचे होते. "तुम्ही पुढे आहात. परत गेलात तर चिटणीस काय म्हणतील, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. आकडा बारावर आला, भाऊ. चला."

ते लोखंडी काठी हातात धरून उभेच राहिले. माळ्यांनी गोणपाट खाली टाकले. "साहेब, मी तं जाऊन राह्यलो. तो कप काई माह्या घरी ठेवाचा नाई."

पुढचा गडगडाट सातव्या सेकंदाला झाला. सर्व्हेअर आमच्या मागून आले, आणि शेवटी आम्हाला मागे टाकून गेले.

व्हरांड्यात चिटणिसांनी हसत विचारले, "परतायचं आधी कोण म्हणालं?"

मी म्हणाले, "मी," आणि पत्रिका उलटी करून त्यांच्यापुढे ठेवली. नियम होता, निघण्याची वेळ होती, खाली बारा हा आकडा होता. त्यांनी वाचले, पुन्हा वाचले. सर्व्हेअर डोके पुसत होते. त्यांनी न विचारताच पेन काढून खाली सही केली. "बरोबर मोजलं आहे. मी होतो तिथे."

उरलेले तीन होल पुढच्या रविवारी खेळायचे ठरले. शनिवारी फळ्यावर यादी लागली, तीत माझे नाव होते. तिच्याखाली चिटणिसांच्या अक्षरात एक नवा नियम होता: वीज व गडगडाट यांत पंधरा सेकंदांहून कमी अंतर असल्यास सर्वांनी मैदान सोडावे.

'सर्वांनी' हा शब्द मी दोनदा वाचला आणि सरावाला गेले.