दायमाबादचा अंगठा

काल कपाट आवरताना जुन्या कॅमेऱ्याच्या चामडी कव्हराचा वास आला आणि मी थेट प्रवरेकाठी, दायमाबादच्या प्राचीन वस्तीच्या टेकाडावर पोहोचले.

तेव्हा मी श्रीरामपूरला कॉलेजात होते. रिळात एकच फोटो उरला होता, तो मी नदीवर उतरणाऱ्या करकोच्यांसाठी राखून ठेवला होता. तेवढ्यात शेजारच्या रानात कांदा खुरपणाऱ्या सखूमावशींनी हाक मारली. त्यांना मातीत खापराचा तुकडा सापडला होता. त्यावर घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा होता.

"लई जुनं हाय का गं?"

"तीन हजार वर्षांपूर्वीचं असेल, मावशी."

त्यांनी मातीनं माखलेला आपला अंगठा त्या ठशात अलगद ठेवला. तो नेमका बसला. "बाईचाच असंल ह्यो," त्या म्हणाल्या. मागे करकोचे पाण्यात उतरत होते, पण मी फोटो काढला तो त्या अंगठ्याचा.

पक्षी हुकले म्हणून परतताना हळहळ वाटली होती. पुढे आयुष्यभर लेणी आणि रानं धुंडाळत फिरले, त्याची सुरुवात तिथे झाली हे आज कळतं.

फोटो धुऊन आल्यावर मावशींना दाखवायला नेला. पदराला हात पुसून त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला.

"दोगींचा फोटू चांगला आलाय," त्या म्हणाल्या.