लेगटचा अर्धा चमचा

हर्बर्ट लेगट माझा शेजारी, आमची मधली भिंत एकच. इंग्लंडातल्या लिंकनशरच्या या सपाट मुलखात त्याने जन्मभर शेतांमधले पाण्याचे चर उपसले, आणि निवृत्त झाल्यावर पुन्हा शेतंच उकरायला लागला. कापणी झाली की कानाला हेडफोन लावून, धातू शोधायचं यंत्र हलवत, दर रविवारी ऑडलिंग नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात. चार वर्षांपूर्वी बायको एनिड गेली, तेव्हापासून तर भर पावसातसुद्धा. "हा बाबा एक दिवस चरातच सापडायचा," असं मी दुकानात म्हणायची. माझं तोंड तसं फटकळच आहे.

एका रविवारी तो चिखलाच्या बुटांनिशी माझ्या स्वयंपाकघराच्या दारात आला. मी ओरडणारच होते, तेवढ्यात त्याने रुमाल उलगडला. आत हिरवा पडलेला एक चमचा होता. गोल वाटी, आणि दांड्याचं टोक सुईसारखं.

"रोमन आहे, मॅव्हिस."

"त्यावर लिहिलंय वाटतं?"

"ही एका बाजूची कड झिजलीये बघ. कुणीतरी रोज तळ खरवडून खाल्लंय. एकट्याने."

"एकट्याने हे रे कसं कळलं तुला?"

त्याने चमचा पुन्हा रुमालात गुंडाळला.

संग्रहालयातल्या बाईने चमचा ठेवून घेतला, तपासला, नोंदवला आणि हिवाळा सरल्यावर परत दिला. खरोखरच रोमन निघाला. चांदीचा असता तर सरकारदरबारी अडकला असता, पण हा कांस्याचा. म्हणजे आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे अर्धा शोधणाऱ्याचा, अर्धा शेतमालकाचा.

"आता तो काय करवतीने कापणार?" मी विचारलं.

"सहा महिने ऑडलिंगकडे, सहा महिने माझ्याकडे," लेगट म्हणाला. सगळं ठरवूनच आला होता. "द्यायला मी जाईन, परत द्यायला तो येईल. बसणं होईल, चहा होईल."

"चमच्याचं सासर-माहेर करतोस की काय!" मी खूप हसले. मग लक्षात आलं की त्याने शर्टाला इस्त्री केली होती आणि एनिडला पुरलं त्या दिवशीचा टाय बांधला होता. त्यानंतर त्या घरात पाहुणा म्हणून कुणी बसलंच नव्हतं. मीसुद्धा जे काय बोलायची ते कुंपणावरून. माझं हसणं तिथेच थांबलं. "चल, गाडीने सोडते," म्हटलं.

ऑडलिंग अंगणातच भेटला. ट्रॅक्टर चालू, एक पाय पायरीवर. लेगटने रुमाल पुढे केला आणि रस्ताभर घोकलेलं बोलायला लागला, "अर्धा तुझा आहे, तर मी म्हणत होतो, सहा महिने..."

"अरे, छे छे!" ऑडलिंगने त्याच्या पाठीवर थाप मारली. "माझ्या घरात काय चमचे कमी आहेत? तुझाच तो, अख्खा."

"पण अर्धा हक्क..."

"हक्क कसला, लेका! पायपीट तू केलीस. आणि ऐक, यापुढे त्या शेतात जे मिळेल ते तुझंच. दर वेळी दार वाजवून दाखवायची गरज नाही. तुला उगीच खेटे कशाला?" मग माझ्याकडे बघून हात हलवला आणि ट्रॅक्टरवर चढला. मनाने दिलदारच आहे तो, गावात कुणालाही विचारा. म्हणून तर मला त्याचा असा राग आला की गिअर पडेना.

परतताना लेगट मांडीवर रुमाल धरून बसला होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "मोठ्या मनाचा आहे हं."

"हो. चांगला माणूस आहे."

त्याने रुमालाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"त्याने अर्धा मागायला हवा होता, मॅव्हिस," तो एकदम म्हणाला. "दर रविवारी काम संपलं की दार वाजवायचो मी. जे मिळेल ते दाखवायला."

"चार वर्षं? तुला मिळत काय होतं एवढं?"

"बाटल्यांची झाकणं," तो म्हणाला. "तीसुद्धा मोजून अर्धी द्यायचो त्याला."