लाल धाग्याची गाठ

आमच्या कसब्यात कुणाच्या दारात नवी गाडी येऊन उभी राहिली, की शेजारीपाजारी जमायच्या आधी नुसरेत तिच्याभोवती एक फेरी मारून आलेला असायचा. हात मागे बांधायचे, मान वाकडी करायची आणि दाराच्या फटीपासून टायरच्या खाचांपर्यंत सगळं डोळ्यांनी पिऊन घ्यायचं. स्वतःकडे म्हणाल तर एक म्हातारी गोल्फ गाडी. तिच्या अंगावर पत्रा कमी आणि पुट्टी जास्त, पण काय लखलखीत ठेवली होती! कोंबड्या तिच्यात तोंड बघायच्या.

युद्धाआधी तो लेथवर होता. युद्ध संपलं तेव्हा लेथ नव्हती आणि कारखान्याला छप्परही नव्हतं. मग नदीकाठी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचा कारखाना निघाला आणि हा बायकांच्या रांगेत शिलाई मशीनवर जाऊन बसला. त्याचा दोस्त हाझिम पलीकडच्या कारखान्यात गाडीच्या दारांची रबरं करतो. त्यानं वर्षभर याला 'शिंपीणबाई' म्हणून हाक मारली. नुसरेत चिडला नाही. म्हणायचा, मार लेका हाका, तुझ्या रबरानं पाणी अडतं, माझ्या लेदरवर माणूस बसतो.

शनिवारी हाझिमच्या गॅरेजात ही सगळी गाडीवेडी मंडळी जमायची. एक रबर करणारा, एक फिल्टर करणारा, एक स्प्रिंगवाला आणि हा सीटवाला. सगळ्यांचं काम एकत्र केलं तर अर्धी गाडी उभी राहील, पण चावी कुणाच्याच खिशात नाही. जर्मन गाड्यांची इंजिनं आवाजावरून ओळखायचे आणि घरी जायचे पायी.

नुसरेतची एक गोष्ट मात्र या मंडळींनाच ठाऊक होती, निदान त्याला तसं वाटत होतं. त्याचा धाकटा भाऊ सफेत ऑस्ट्रियातून सुट्टीला घरी येताना स्टीअरिंगवरच झोपला आणि घरी आलाच नाही. त्या वर्षापासून नुसरेतनं एक उद्योग सुरू केला. आमच्याकडे तान्ह्या पोराला नजर लागू नये म्हणून आई त्याच्या कपड्याला आतून लाल धाग्याची गाठ मारते. हा पठ्ठ्या चालकाच्या सीटच्या कव्हरला मारायला लागला. पाठीच्या कव्हराला मागून खाली झिप असते, तिच्या आतल्या पट्टीला. कारखान्यात काळ्याशिवाय दुसरा धागा आणायला सक्त मनाई. सापडला तर कव्हर बाद आणि माणूस घरी. पण हा चिमूटभर धागा पायमोज्यात घालून न्यायचा. गॅरेजात पेला उचलून म्हणायचा, हाझिम, युरोपभर माझ्या गाठी फिरतायत, किती माणसं झोपेतून जागी झाली असतील याचा हिशोब आहे का तुला? हाझिम म्हणायचा, नाही बाबा, पण एवढी माणसं झोपेत गाडी चालवतात हे ऐकून मला घराबाहेर पडायची भीती वाटते.

आता मुलीबद्दल सांगायला हवं. बेल्किसा, एकुलती एक. त्याच कारखान्यात, शेवटच्या तपासणीच्या टेबलावर. दिवसभर शिलाया बघायच्या आणि लोंबणारी टोकं छोट्या कात्रीनं कापायची. तिचं तारिकशी जमलं होतं. तारिक जर्मनीत वाढलेला, पण मूळ आपल्याच कसब्यातला, इझुदीनचा मुलगा. इझुदीन तिकडे छपरं घालतो. माणूस कडक, मोजकं बोलणारा, शर्टाची वरची गुंडी उन्हाळ्यातही न सोडणारा. ऑगस्टात सगळे परदेशातले लोक गावी येतात, तेव्हा इझुदीन आणि त्याची बायको फिक्रेता मुलीला मागणी घालायला येणार असं ठरलं.

सकाळी नुसरेतची बायको झुम्रा पिठाचे हात तसेच घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "अहो, आज त्यांच्या गाडीपाशी फिरकायचं नाही. एवढं एक लग्न नीट जमू द्या." नुसरेतनं मान डोलावली. मनापासून डोलावली, त्यात खोट नव्हती.

पण इझुदीन आला तो नेमक्या त्याच गाडीतून. नवी कोरी, गडद निळी, आणि ज्या मॉडेलची कव्हरं नुसरेत गेली दोन वर्षं शिवत होता तीच. फाटकातून आत येताना तिचं इंजिन असं बोललं की नुसरेतची मान आपोआप वाकडी झाली. त्यानं पाहुण्यांशी हात मिळवला, बूट काढून आत या म्हणाला, आणि सगळा वेळ खिडकीकडे पाठ करून बसला. बिचारा घामानं निथळत होता.

बेल्किसानं पहिली कॉफी आणली, सोबत लोकुमच्या गोड वड्या. मग चीज भरून भाजलेला पिटा आला, काकडी आली. दुसरी कॉफी झाली. बोलणी अजून हवापाण्यावर आणि रस्त्यांवर होती. मुद्द्यावर यायची वेळ झाली, तेवढ्यात नुसरेत उठला आणि म्हणाला, तळघरातून कलिंगड आणतो. झुम्रानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर टाळली.

तळघर उजवीकडे, गाडी डावीकडे. एक क्षण फक्त, असं त्यानं स्वतःला सांगितलं. उकाड्यामुळे मागची दारं उघडीच टाकलेली होती. तो मागच्या सीटपुढे गुडघ्यावर बसला, चालकाच्या सीटची झिप सोडली आणि मनगटापर्यंत हात आत घातला. पाय बाहेर, डोकं आत. त्याच सीटच्या पाठीवर इझुदीनचं जाकीट टांगलं होतं. ते तोंडावर येत होतं म्हणून त्यानं दुसऱ्या हातानं बाजूला धरलं.

"काही हरवलंय का?" मागून आवाज आला.

इझुदीन सिगारेट ओढायला बाहेर आला होता.

नुसरेतला तेव्हा खरं बोलता आलं असतं. पण गाठीचं बाहेर फुटलं तर नोकरी जाईल हे डोक्यात आलं आणि तोंडातून निघालं, "मांजर... मांजर शिरलं होतं आत."

"सीटमध्ये?"

नुसरेतनं हात ओढला, तो घड्याळाच्या पट्ट्यानं झिपेत अडकला. ओढाताणीचा आवाज ऐकून घरातले सगळे बाहेर आले. आणि त्या सगळ्यांसमोर इझुदीन शांतपणे पुढे आला, जाकीट काढून घेतलं आणि आतल्या खिशावरून एकदा हात फिरवला. पाकीट जागेवर होतं. त्या एका हात फिरवण्यानं नुसरेत मेल्याहून मेल्यासारखा झाला. आयुष्यात कुणाच्या झाडाचं फळ न विचारता न तोडलेला माणूस, आपल्याच अंगणात, आपल्याच पोरीच्या मागणीच्या दिवशी, एक हात दुसऱ्याच्या सीटमध्ये अडकवून चोरासारखा ओणवा बसला होता.

तारिक जमिनीकडे बघत होता. बेल्किसाचा चेहरा पांढरा पडला होता. झुम्राला काय करावं सुचेना. ती घरात धावली आणि घाबरून तिसरी कॉफी ट्रेमध्ये घेऊन आली. आमच्याकडे तिसरी कॉफी म्हणजे निरोपाची. ती आली की पाहुण्यांनी उठायचं. अंगणाच्या मध्यात आल्यावर तिच्या ते ध्यानात आलं आणि ती ट्रे धरून तशीच थबकली.

मग नुसरेत बोलला. खालच्या मानेनंच बोलला. म्हणाला, "इझुदीनभाऊ, मांजर नव्हतं. मी खोटं बोललो. या सीटा मी शिवतो. चालकाच्या सीटमध्ये आतून लाल धाग्याची गाठ मारतो, माझा भाऊ गेल्यापासून. तुमच्या गाडीत माझी गाठ आहे का, तेवढं बघत होतो."

सांगितल्यावर ते त्याला आणखीनच बावळट वाटलं. पन्नाशी ओलांडलेला बाप्या आणि पायमोज्यात धागा लपवतो! फिक्रेतानं नवलानं ओठावर बोट ठेवलं. इझुदीन म्हणाला, "दाखव."

तारिकनं पुढे होऊन घड्याळाचा पट्टा सोडवला. नुसरेतनं झिप पूर्ण उघडली आणि आतली पट्टी उजेडात उलटी केली. इझुदीन वाकला. पट्टीला गाठ नव्हती. तिथं लाल धाग्याचा एवढासा खुंट होता, तांदळाच्या दाण्याएवढा, कात्रीनं सफाईदार कापलेला.

नुसरेत त्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं घासून तुटला असेल. बोटानं चाचपलं. घासून तुटलेला धागा असा नसतो हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"बाबा, गाठ सापडायची नाही," बेल्किसा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता. "मी कापते."

"कधीपासून?"

"टेबलावर बसले तेव्हापासून. सगळ्या. माझ्याआधी रझियाबाई कापायच्या. निवृत्त होताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पोरी, तुझ्या बापाचा लाल धागा कापत जा, नाहीतर त्याला घरी बसवतील."

"म्हणजे टेबलावर सगळ्यांना माहीत होतं?"

तिनं मान डोलावली.

आता नुसरेतला खिशावरचा तो हातही आठवेना. इतकी वर्षं शनिवारी पेला उचलून युरोपभर गाठी फिरवल्या, आणि त्यातली एकही कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. बायका त्याच्याकडे बघून हसत असतील, कीव करत असतील, आणि पोरगी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर जेवायला बसत होती, बापाची अब्रू कात्रीनं सांभाळून. धागा आपण मारायचा आणि त्याची भीती पोरीनं वाहायची! एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. रागावावं तर कुणावर? त्यानं हातानं तोंड पुसलं आणि हात तोंडावरच राहिला.

इझुदीन जाकीट हातात घेऊन उभा होता. त्याचेही कान लाल झाले होते. आपण खिसा चाचपला, ते सगळ्यांनी पाहिलं, हे त्याला आता कळलं असावं. त्यानं जाकीट परत सीटवर टांगलं, पाकिटासकट, आणि पोरासारखं उगाच ते नीटनेटकं केलं.

बोलली ती फिक्रेता. झुम्राकडे वळून म्हणाली, "झुम्रा, ही निरोपाची कॉफी आत ने बाई. आम्ही ज्या कामाला आलोय ते बोलणं अजून झालंच नाही. आणि येताना सुई आण. लाल धागा आहे ना घरात? माझा मुलगा आणि माझा नवरा याच गाडीतून रात्रभर प्रवास करत जर्मनीला जाणार आहेत."

सुई आली. नुसरेतला ओवता येईना. बेल्किसानं त्याच्या हातातून सुई घेतली, धागा ओवला आणि परत दिली. त्यानं गाठ मारली, अगदी जुन्या खुंटाशेजारी. जास्तीचं टोक कापायला कात्री नव्हती. बेल्किसा वाकली आणि तिनं ते दातानं तोडलं, गाठ तशीच ठेवून.

लग्न शरदात झालं. त्यानंतर नुसरेत कारखान्यात फक्त काळा धागा वापरतो. शनिवारी गॅरेजात जातो, पण पेला उचलून बोलत नाही. हाझिमनं एकदा गाठींची चौकशी केली. नुसरेत म्हणाला, जाऊ दे. हाझिमही समजला आणि त्यानं रबरांचा विषय काढला.

बेल्किसा जर्मनीला निघाली त्या दिवशी निळी गाडी अंगणात भरून उभी होती, लोणच्याच्या बरण्यांसकट. तारिक स्टीअरिंगवर, इझुदीन त्याच्या शेजारी, बेल्किसा आणि फिक्रेता मागे. झुम्रा रडत होती. नुसरेत खिडकीपाशी उभा राहिला, पण पोरीच्या नजरेला नजर देईना. ऑगस्टपासून देत नव्हता.

गाडी सुरू झाली. बेल्किसा पुढे वाकली, तारिकच्या सीटच्या मागे खाली हात घातला आणि बोटांनी पट्टी चाचपली. गाठ आहे याची खात्री करून घेतली. मग ती मागे टेकून बसली आणि काचेतून बापाकडे पाहिलं. नुसरेतनं ते पाहिलं आणि पहिल्यांदा मान वर केली.