माळवदावरची राख

कोंडिबाचा जन्म संशयाच्या नक्षत्रावर झाला असावा. गावच्या दूध सोसायटीत दूध तपासायचं काम त्याच्याकडे आलं ते त्यामुळंच. काचेची डिग्री दुधात सोडायची, ती किती बुडते ते बघायचं आणि मग दूध आणणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावायची, ही त्याची रीत. डिग्री एकवेळ चुकेल पण माणसाचं तोंड चुकत नाही, असं तो म्हणायचा. बारा वर्षांत निम्म्या गावावर त्यानं कधी ना कधी दुधात पाणी घातल्याचा आळ घेतला होता. मग कोण कशाला येतंय त्याच्या दारात? दोन्ही लेकी बार्शीकडं दिलेल्या. त्याची बायको पुतळाबाई दिवसभर म्हशीशी बोलायची, आणि म्हैस काही उत्तर द्यायची नाही.

शहाऐंशीच्या दिवाळीला कोंडिबानं कळंबहून टीव्ही आणला. गल्लीतला पहिलाच. घराच्या सपाट मातीच्या छतावर, माळवदावर, लोखंडी पाइप रोवला, त्यावर अँटेना चढली, आणि माजघरात चित्र दिसू लागलं. गल्लीतली माणसं कौतुकानं जमली, तर यानं कडी लावून घेतली. गर्दीनं काच फुटेल, नजर लागेल, शिवाय कोण कशाच्या निमित्तानं घरात शिरेल याचा काय भरवसा! नवराबायको दोघंच टीव्हीपुढं बसू लागले. टीव्हीतली माणसं बोलायची, कोंडिबा त्यांच्यावरही संशय घ्यायचा आणि पुतळाबाई गप्प बसायची.

संक्रांत झाली आणि पडद्यावर मुंग्या आल्या. माणसाचं तोंड दिसेना, नुसती खरखर. कोंडिबानं टीव्हीच्या डोक्यावर चापट्या मारल्या, वायर ओढून बघितली, प्लग काढून पुन्हा बसवला. शेवटी कळंबचा मेकॅनिक आला. त्यानं जोड उघडून पुसला, नवी टेप गुंडाळली, मग वर जाऊन पाइप जरासा फिरवला. चित्र लख्ख झालं.

"दांडा फिरलाय, बाकी काई न्हाय. वाऱ्यानं फिरतो," मेकॅनिक म्हणाला.

"वारं कुठंय? लिंबाचं पान हालंना!" कोंडिबा म्हणाला. "चित्र येतंय कुठनं?"

"दिल्लीहून वर उपग्रहाला जातं. तिथनं जिल्ह्याच्या मनोऱ्यावर, मनोऱ्यावरनं तुमच्या माळवदावर."

मेकॅनिक गेला, पण कोंडिबाच्या डोक्यात भुंगा सोडून गेला. एवढ्या लांब आभाळात जाऊन चित्र धडधाकट परत येतं आणि नासतं ते आपल्या गल्लीत! वर आभाळात कोण पाणी घालणार? भेसळ होते ती शेवटच्या घागरीत, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळचं दूध मोजून घरी आला, तर पुन्हा मुंग्या. तिसऱ्या दिवशीही तेच. आता मेकॅनिकला रोज कोण बोलावणार? स्वतः वर चढावं तर टीव्ही पडला आतल्या माजघरात, आणि वरून कुणी डोकावेल म्हणून माळवदातला उजेडाचा झरोका त्यानं फरशीनं बुजवलेला; तिथली हाक माळवदावर पोचेना. अखेर नाइलाजानं त्यानं शेजारच्या बब्रुवानला हाक मारली. बब्रुवान पाइप धरायला आपल्या माळवदावरून इकडं आला, कारण दोन्ही माळवदं एकमेकांना चिकटलेली होती. त्याची बायको सारजाबाई उंबऱ्यात उभी राहिली. वरून कोंडिबा ओरडायचा, "आलं का?" सारजाबाई आत विचारायची, पुतळाबाई आतून सांगायची, "न्हाय अजून!" आणि सारजाबाई तेच वर पोचवायची. चित्र आल्यावर दोघांना लगेच हाकलणं कोंडिबाच्याही जिवावर यायचं. पुतळाबाई चहा टाकायची. सारजाबाई म्हणायची, "वैनी, बसा की जरा, म्या गाळते." असं पंधरा दिवस चाललं.

पंधरा दिवसांनी कोंडिबाच्या ध्यानात आलं की पाइप रोज एकाच बाजूला फिरतो, बब्रुवानच्या घराकडं. वारा असा नेमानं एकाच्याच घराकडं बघेल? त्याच आठवड्यात बब्रुवानच्या दुधाला डिग्री लागेना, काच खोल बुडू लागली. कोंडिबानं दोन्ही गोष्टींची गाठ मारली. बेटा दिवसा दुधात पाणी घालतो, संध्याकाळी आपला पाइप फिरवतो, आणि वर आपल्याच चहाचे घोट घेतो!

"पानी घालाया आनू कुठनं, आन्ना?" कोंडिबानं सोसायटीत आळ घेतला तेव्हा बब्रुवान सगळ्यांपुढं म्हणाला. "टँकर आठ दिसांनी येतुया. प्यायला न्हाय, अन् दुधात वतू व्हय? म्हस चारा-छावनीतलं उसाचं वाढं खातीया. कसदार दूध यावं कुठनं?"

हे खरं होतं. त्या दुष्काळात कडबा औषधालाही उरला नव्हता. पण एकदा संशय घेतला की खऱ्याचंही तोंड खोटं दिसतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक होती. बब्रुवानचं दूध कायमचं बंद करावं, असा कागद कोंडिबानं लिहून खिशात ठेवला. बब्रुवानच्या रानात त्या साली मूठभर ज्वारी पिकली नव्हती. त्याच्या घरची चूल म्हशीच्या दुधावरच पेटत होती, आणि हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पुतळाबाईलाही.

"पुरावा पायजे," कोंडिबा तिला म्हणाला. "आज दावतो."

दिवस कलताना त्यानं चुलीतली राख चाळणीनं चाळली, पाटीत घेतली आणि माळवदावर पाइपाभोवती नीट पसरली. गावात माणूस गेलं की त्या जागी अशीच राख पसरतात, वर टोपली झाकतात आणि गेलेला कुठल्या जन्माला गेला ते उमटलेल्या पावलांवरून बघतात. पुतळाबाई जिन्याच्या तोंडाशी उभी राहून बघत होती.

"कोन मेलं वो घरात?" तिनं विचारलं.

"मरंल आता," कोंडिबा म्हणाला आणि डेअरीकडं निघाला.

त्या संध्याकाळी दूध मोजताना त्याचं लक्ष नव्हतं. घाईघाईनं तो परतला. माजघरात टीव्ही चालू होता, पडद्यावर मुंग्या होत्या. सापडला चोर! तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

राखेत पावलं होती. पण बब्रुवानच्या माळवदाकडून नव्हती आली. ती कोंडिबाच्याच जिन्यातून वर आली होती, पाइपाशी थांबली होती आणि त्याच वाटेनं परत गेली होती. लहान पावलं. डाव्या पायाच्या बोटात जोडव्याचा गोल उमटला होता, उजव्याला तो नव्हता. उजवं जोडवं पुतळाबाईनं थोरलीच्या बाळंतपणात मोडलं होतं आणि त्यानं ते पुन्हा कधी करून दिलं नव्हतं. पावलं घाबरून पडलेली नव्हती. राख बघून, तिच्यावर पाय दाबून टाकलेली होती.

तो खाली आला. पुतळाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं पाय धुतले नव्हते.

"म्याच फिरवीत हुते," ती म्हणाली. "रोज. तुमी डेअरीला गेलाव की."

"का?"

"चित्र चांगलं आसलं की तुमी कडी लावताव. मुंग्या आल्या की मानसं बोलावताव." तिनं फुंकणी खाली ठेवली. "बारा सालांत माज्या चुलीपशी कुनी बसलं न्हाय वो. माज्यापायी त्येंचं दूध तोडू नका."

कोंडिबानं सवयीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडात कुठं काही मिसळलेलं नव्हतं. उभ्या गावाला डिग्री लावणाऱ्या त्या माणसाला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटायची सवय नसल्यानं ती फार जोरात वाटली. खिशातला कागद त्यानं काढला, चुलीत सारला आणि पुन्हा माळवदावर गेला.

"बब्रुवाना!" त्यानं हाक मारली. "ये की जरा हिकडं. सारजेलाबी घेऊन ये."

बब्रुवान बिचकतच आला, सारजाबाई खालून माजघरात गेली.

"उद्याचं दूध घेऊन ये," कोंडिबा पाइपाला हात घालत म्हणाला. "चाऱ्यानं डिग्री उतरलीया, आसं म्याच सांगतो बैठकीत."

 बब्रुवाननंही पाइप धरला. दोघांनी मिळून तो मनोऱ्याच्या दिशेला वळवला. झरोक्यावरची फरशी कोंडिबानं पायानं बाजूला सारली होती, तिथनं खालचं माजघर दिसत होतं. पडद्यावरच्या मुंग्या गेल्या, बाईचं तोंड लख्ख उमटलं, कपाळाच्या टिकलीसकट.

"आलं का?" कोंडिबानं वरून विचारलं.

खाली दोघी बायका काहीतरी कुजबुजल्या आणि हसल्या.

"न्हाय अजून!" पुतळाबाई ओरडली.

कोंडिबानं झरोक्यावरून नजर काढून घेतली. "बरं," तो म्हणाला आणि पाइप पुन्हा हळूहळू फिरवू लागला.