गुऱ्हाळावर काळं पडलेलं घड्याळ

मी एकदा काटे नसलेलं घड्याळ उकळत्या गुळाच्या वाफेवर धरलं. मॅट्रिक पास होते, तरी धरलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. सांगलीहून शिराळ्याकडच्या शेतकरी घरात लग्न होऊन येऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि गावाला दिपवून टाकायची मला भारी घाई होती.

बरं, घड्याळ माझं नव्हतंच. धाकटे दीर फौजेत. सुट्टीवर येताना त्यांनी ते आणलेलं. राखाडी काचेत नुसते काळे आकडे. दुसऱ्या दिवशी ते सांगलीला माझ्याच मावसबहिणीला बघायला जाणार होते आणि चेहऱ्यापेक्षा त्यांची भिस्त त्या घड्याळावर जास्त होती. चेहरा मी पाहिला होता. भिस्त योग्यच होती.

संध्याकाळी ते आंघोळीला गेले आणि मी घड्याळ मनगटावर चढवून गुऱ्हाळावर हजर. बायका काकवी न्यायला जमलेल्या. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून रस आटत होता त्या काहिलीवरच हात लांब केला आणि भाषण सुरू केलं. बघता बघता आकडे गेले. सगळी काच तव्यासारखी काळी!

"आगं बया, येळच करपली की!" एक म्हातारी म्हणाली.

आता मला ठाऊक आहे, त्या काचेत स्वतःचा उजेड नसतोच. आत एक पातळ द्रव असतो, त्याचे कण शिस्तीत उभे राहून बाहेरच्या उजेडाला पीळ देत वाट काढून देतात. वीज लागली की तेवढ्या जागी उजेड अडतो, तोच आकडा. फार तापलं की कणांची शिस्तच मोडते आणि सगळाच उजेड अडकून बसतो. पण तेव्हा मला एवढंच कळलं, की बहिणीचं लग्न मी गुळात घातलं.

घरी पळाले. आमच्या घरात लोण्यापासून तापलेल्या पोरापर्यंत सगळ्यावर एकच इलाज, गारवा. घड्याळ माठामागे दडवलं आणि पुन्हा त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

रात्री पंगतीत दिरांनी विचारलं, "माजं घड्याळ कुनी बघितलं का?"

झालं! मी हातातली आमटी ठेवून रडतरडत सगळं ओकले. काहील, भाषण, करपलेली वेळ, सगळं.

"शिकल्याली सून पायजे हुती न्हवं!" सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या.

दीर उठले, माठामागून घड्याळ काढलं. आकडे जागच्या जागी, जणू काही झालंच नव्हतं. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाले,

"वहिनी, राजस्थानात ह्ये रोज दुपारी असंच काळं हुतंय, सांजला येतंय ताळ्यावर. पर आता खरं बोलायलाच लागलाय तर सांगा, मागल्या सुट्टीत माजा रेडिओ कुनी खोलला हुता?"