सर्वांसाठी की फक्त माझ्यासाठी

कराडच्या इंजिनिअर साहेबांचा फोन ठेवला आणि मी मागच्या परड्यात जाऊन एकटीच पोटभर हसून घेतलं. लग्नाआधी सांगलीला आयटीआयमध्ये मी आरेखनाचा कोर्स केला होता. घरांचे नकाशे काढायचे, भिंतीची जाडी, जिन्याच्या पायऱ्या, कुठलं दार कुठल्या बाजूला उघडणार, सगळं. वर्गात माझी रेघ सगळ्यात स्वच्छ असायची. पुढं लग्न होऊन कडेगावजवळच्या या गावात आले आणि ऊस, गोठा, पोरांचे डबे यांत ती रेघ राहिली बाजूला. आता साहेब विचारत होते, घरी बसून नकाशे काढून द्याल का? एका बंगल्याचं कच्चं रेखाटन पाठवतो, सोमवारी संध्याकाळपर्यंत नीट करून द्या. जमलं तर पुढची कामं तुमच्याकडं, नाहीतर मी दुसरं कुणी बघतो.

तो रविवार होता. मला आत्ताच्या आत्ता कामाला बसायचं होतं.

घरात लॅपटॉप होता. माझे धाकटे दीर फौजेत आहेत, त्यांनी मागच्या सुट्टीत आणलेला. बराकीत ज्याचं त्याचं वेगळं कपाट असतं, तशी त्यांनी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळी खाती काढून दिली होती आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारं मुख्य खातं पासवर्ड घालून स्वतःकडं ठेवलं होतं. जाताना मला म्हणाले, "वहिनी, ह्यात कुणाला काय बी टाकू देऊ नगा. पोरं गेम घालत्यात आन् मग मशीन बसतंय." सध्या ते अशा ठिकाणी होते की फोन त्यांनी केला तरच व्हायचा.

नकाशे काढायचं एक फुकट सॉफ्टवेअर साहेबांनी सांगितलं होतं. मी ते उतरवून घेतलं आणि चालू केलं. पडद्यावर दोन ओळी आल्या. कुणासाठी टाकायचं? हा कॉम्प्युटर वापरणाऱ्या सर्वांसाठी, की फक्त माझ्यासाठी? यात विचार कसला करायचा? मी 'सर्वांसाठी' दाबलं. आमच्याकडं एकटीसाठी काही आणायची पद्धतच नाही. विट्याच्या बाजारात मला बांगड्या आवडल्या तर जावेलाही तशाच घ्यायच्या. पोराला कुल्फी घेतली तर दारात खेळणाऱ्या सगळ्या पोरांना घ्यायची. 'फक्त माझ्यासाठी' असे शब्द या घरात आल्यापासून माझ्या तोंडातून गेलेच नव्हते.

आणि समोर आली पासवर्डाची खिडकी.

मी दिरांची जन्मतारीख घातली. नाही. ट्रॅक्टरचा नंबर घातला. नाही. माझी चिडचिड ऐकून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, शेंगा फोडायचं सूप घेऊन शेजारी येऊन बसल्या.

"त्याच्या पलटणीचं नाव घाल की."

"आवं आत्या, घातलं. न्हाई घेत."

"मग बैलाचं घाल. लय जीव हुता त्याचा त्या बैलावर."

बैलाचंही घातलं. पुरणपोळीसुद्धा घातली. पुरणपोळीला नकार आला तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो की सुपातल्या शेंगा खाली सांडल्या. पण हातातोंडाशी आलेला घास एका खिडकीपाशी अडकला होता. आमचे हे म्हणाले, उद्या कराडला नेऊ, दुकानवाला पासवर्ड तोडून देईल. मी साफ नाही म्हटलं. किल्ली नाही म्हणून दिराचं कपाट फोडायचं, हे मला पटेना.

रागारागानं मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि या खेपेला खालची बारीक अक्षरंही वाचली. 'सर्वांसाठी'च्या खाली लिहिलं होतं, मुख्य खात्याची परवानगी लागेल. 'फक्त माझ्यासाठी'च्या खाली होतं, परवानगीची गरज नाही.

म्हणजे सकाळपासून मी सगळ्या घरादाराला बरोबर घेऊन दारावर धडका देत होते आणि एकटीला आत जायला कुणाची मनाई नव्हती! आनंदानं मला ओरडावंसं वाटलं. तरी बोट काही पुढं जाईना. दाराआड उभं राहून एकटीनंच लाडू खावा, तसं वाटायला लागलं. परवानगी लागत नाही असं समोर स्वच्छ लिहिलेलं असताना मी वळून विचारलंच.

"आत्या, ह्ये फकस्त माझ्यासाठी घालू का?"

"मग काय माझ्यासाठी घालतीस? मला काय बंगला काढायचाय?"

मी बटण दाबलं. मग विचारणा झाली, कुठं ठेवायचं? त्यानं आपणहून सुचवलेली जागा माझ्याच खात्यातली होती, पण डिस्कच्या त्या बाजूला जागा उरली नव्हती, पट्टी लाल झाली होती. शेजारी 'बदला' असं बटण होतं. जागाही मीच निवडायची, हे कळल्यावर मला आणखीच चेव आला. डिस्कच्या दुसऱ्या बाजूला अजून जागा होती आणि तिथं सगळं घर नांदत होतं, लग्नाचं शूटिंग, बारशाचे फोटो, सातबाऱ्याच्या नकला. त्यांच्या मधोमध मी एक नवीन फोल्डर काढलं, त्याला 'नकाशे' असं नाव दिलं आणि इथं ठेव म्हणून सांगितलं. हिरवी पट्टी सरकायला लागली. आता खिडकी येते, मग येते, म्हणून मी श्वास धरून बसले. आली नाही. दिरांचं कुलूप जागच्या जागी होतं आणि माझं सॉफ्टवेअर उघडलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. काय झालंय ते न कळताच आत्यांनीही वाजवल्या.

मग मी आणि ती रेघ. पहिली भिंत जरा अडखळत गेली. दुसऱ्या खोलीपर्यंत हाताला सगळं आठवलं. जिना मी तीनदा पुसला, कारण वळणावर डोकं आपटलं असतं. धार, स्वयंपाक, पुन्हा लॅपटॉप, असं करत सोमवारी ऊन उतरायच्या आत नकाशा पाठवून दिला.

साहेबांचं उत्तर लगेच आलं. काम पसंत आहे, पुढचा बंगला उद्या पाठवतो. मात्र नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'आरेखन' याच्यापुढं नाव नाही. नाव घालून परत पाठवा.

मी ती जागा मोकळीच सोडली होती. आता तिथं माझं नाव टाइप केलं आणि आत्यांना हाक मारली. त्या चष्मा पुसत आल्या.

"ह्यातलं तुजं नाव कंचं?"

मी बोट ठेवलं. त्या पडद्याला नाक लागेपर्यंत वाकल्या.

"येवढं बारीक? कुणाला दिसायचं ते? मोटं कर की जरा."

त्या चौकटीतल्या अक्षरांची उंची ठरलेली असते, सांगलीला ती आमच्याकडून पाठ करून घेतली होती. मी नाव एका मापानं मोठं केलं आणि पाठवून दिलं.