सातव्या रकान्यातलं ‘नाही’

आमच्या वन्संचे यजमान एका खाजगी कॉलेजात फी-साहाय्याच्या खिडकीमागे बसतात. बावीस वर्षं बसतात. नफा न कमावणाऱ्या कॉलेजात शिकणाऱ्या गरजू मुलांची अर्धी फी राज्य सरकार भरतं, आणि त्या सरकारपर्यंत पोचायचं तर वाटेत आमचे भाऊजी. मुलांनी त्यांचं नाव ‘परत-या साहेब’ ठेवलंय. लोक रामराम करतात तसं ते ‘परत या’ म्हणतात.

देवाने त्यांना घडवताना आधी रकाने आखले असणार आणि मग उरलेल्या जागेत माणूस बसवला असणार. घरातही तेच. वन्संनी दिलेली सामानाची यादी त्यांनी एकदा तारीख नाही म्हणून परत केली. वन्सं म्हणतात, “लग्नाला तीस वर्षं झाली, माझा अर्ज अजून विचाराधीन आहे.”

गेल्या वर्षी एका मुलीची सही चौकटीबाहेर अर्धं बोट गेली. अर्ज परत. ती दुसरा भरून आणेपर्यंत मुदत टळली आणि तिचं कॉलेज सुटलं. आता ती कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काम करते. भाऊजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीच बांधून देते. भाऊजींनी तिला ओळखलेलं नाही. “फार नीटनेटकी मुलगी आहे,” म्हणतात. कुणाची टिंगल करू नये हे मला कळतं, पण देवानेच असा माणूस समोर ठेवल्यावर मी तरी काय करू?

तर यंदा झालं असं. दर वर्षी कॉलेजने सरकारी कचेरीला लिहून द्यायचं असतं की आम्ही धंदा करत नाही, शिकवतो. यंदा फॉर्म नवा आला. सातवा रकाना असा: ‘सदर संस्था नफ्यासाठी चालविली जात नाही काय? होय / नाही.’ भाऊजींनी टपोऱ्या अक्षरात लिहिलं, ‘नाही’. खाली सही ठोकली, शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी कचेरीचं पत्र आलं. ‘चालविली जात नाही’ याला तुम्ही ‘नाही’ म्हणालात, अर्थात संस्था नफ्यासाठी चालते. सबब सर्व मुलांचं साहाय्य बंद. ज्याची सही त्याने शुक्रवारपर्यंत समक्ष येऊन चूक लेखी कबूल केली, तरच फेरविचार.

सर्व मुलांत भाऊजींची लेकही आली. नर्सिंगचं शेवटचं वर्ष. शनिवारपर्यंत फी भरली गेली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, आणि तिच्या वाट्याची अर्धी फी या साहाय्यातूनच यायची होती.

मी मंगळवारी त्यांच्याकडे गेले तेव्हा घरात व्याकरणाचं युद्ध पेटलं होतं.

“मी बरोबरच लिहिलंय,” भाऊजी म्हणाले. “चालवली जात नाही काय? नाही! नाही म्हणजे नाही चालवली जात. शेंबडं पोरही सांगेल.”

“मग शेंबड्या पोरालाच बसवायचं खिडकीत,” वन्सं म्हणाल्या. “काल मी विचारलं, तुम्ही जेवला नाहीत का? तुम्ही म्हणालात, नाही. मी ताट वाढलं. तुमच्या त्या कचेरीने ‘म्हणजे जेवलात’ म्हणून झाकण ठेवलं असतं.”

“वहिनी, तुम्हीच सांगा, कोण चूक?”

“प्रश्न वाकडाच आहे, भाऊजी,” मी म्हटलं. “पण फी प्रश्नाची अडलेली नाही, पोरीची अडलीय.”

भाची दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, “बाबा, सही चौकटीबाहेर गेली तेव्हा त्या मुलीला किती दिवस दिले होते तुम्ही?”

भाऊजींनी चष्मा पुसला. मग आत जाऊन ‘नकारार्थी प्रश्नांची उत्तरे’ या विषयावर कचेरीला तीन पानी निवेदन लिहायला बसले. बुधवार त्यातच गेला. गुरुवारी त्याची सुवाच्य प्रत काढली.

शुक्रवारी वन्संनी मला बरोबर धाडलं. “तुमच्यासमोर ते आवाज चढवत नाहीत,” म्हणाल्या. भाऊजी, भाची आणि मी, तिघं कचेरीत रांगेत उभे राहिलो. बावीस वर्षांत भाऊजी खिडकीच्या या बाजूला पहिल्यांदाच उभे असावेत. हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजत नव्हतं.

खिडकीतल्या बाईंनी तीन पानं न वाचता बाजूला सारली. “निवेदन नको. कबुली द्या.”

भाऊजींनी कोरा कागद घेऊन लिहिलं: ‘सातव्या रकान्यात चूक झाल्याचे आढळून आले आहे.’

बाईंनी वाचलं. “कोणाच्या हातून?”

भाऊजींनी भर घातली: ‘कार्यालयाच्या हातून.’

“कार्यालयाला हात असतात का, काका?”

मागे रांगेत कुणीतरी फसकन हसलं. भाऊजींचे कान लाल झाले. “बाई, मी स्वतः याच कामात आहे. अशी भाषा चालते.”

“तुमच्याकडे चालत असेल. इथे माणूस लागतो. पुन्हा लिहा. खाडाखोड नको. आणि खिडकी एकला बंद होते.”

घड्याळात पावणेएक झाला होता. भाऊजी पेन उघडून तसेच उभे. मी मनात देवाचं नाव घेत होते, पण देवालाही घाई करता येईना. शेवटी भाची वडिलांच्या कानाशी वाकली. “बाबा, राहू दे. मी वर्षभर नोकरी करीन. औषधाच्या दुकानात एक जागा आहे म्हणतात.”

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू त्या दुकानातली मुलगी त्यांना आत्ता ओळखू आली. मग वाकून, नवीन कागदावर, शाळेतल्या पोरासारखं एकेक अक्षर काढत त्यांनी लिहिलं: ‘माझ्या हातून चूक झाली.’

बाईंनी शिक्का मारला. सगळ्या कॉलेजचं अडलेलं काम त्या चार शब्दांनी सुटलं.

शनिवारी भाचीची फी भरली गेली. भाऊजींनी दोन दिवस घरात कुणाची चूक काढली नाही, आणि आम्हाला वाटलं, चला, माणूस वितळला. सोमवारी भाची कॉलेजातून आली ती हसत की रडत, हे ओळखता येईना. वडिलांच्या खिडकीवर नवी पाटी लागली होती: ‘सदोष अर्जासोबत विद्यार्थ्याने “माझ्या हातून चूक झाली” असे स्वहस्ते लिहून आणावे. खाडाखोड चालणार नाही.’

“रांगेत किती जण होते गं?” मी विचारलं.

“अकरा, मामी. सगळे लिहीत बसले होते.”